होतं असं

मंगळवार, रात्री

"होतं असं, काही हरकत नाही." एवढंच म्हणाला तो, आजच्या नोकरीच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत प्रश्न विचारणारा. आणि तेही मराठीत.

त्याआधीची पंचावन्न मिनिटं सगळं इंग्रजीत. आडनावावरून त्याला पहिल्या मिनिटालाच कळलं असणार, मलाही त्याचं कळलंच होतं. तरी दोघंही ताठ. मग बायनरी सर्च आला, क्रमानं लावलेल्या ॲरेत, म्हणजे यादीत, दरवेळी निम्मा भाग बाद करत शोधायचं ते. मनातल्या मनात हसले, इतकं सोपं! मधला इंडेक्स, म्हणजे मधल्या जागेचा क्रमांक, काढला: लो (पहिली जागा) अधिक हाय (शेवटची), भागिले दोन. तो म्हणाला, ॲरे खूपच मोठा असला तर? आणि माझी पाटी कोरी. कर्सर लुकलुकतोय, आत कुकरची तिसरी शिट्टी, आणि मी आपली स्क्रीनकडे बघत बसलेय.

बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे गेली की इंट, म्हणजे कोडमधला पूर्णांक, उलटा फिरून ऋण होतो. म्हणून हायमधून लो वजा करायचा, उरलेल्याचं निम्मं लोमध्ये मिळवायचं. हे मी शिकवलंय पोरांना, चहा पिता पिता, ऐटीत! कॉल संपल्यावर दोन मिनिटांत आठवलं.

पण मराठीत का बोलला? निकाल लागला म्हणून? रिपोर्ट वाईट आला की डॉक्टर एकदम 'मावशी' म्हणायला लागतात, तसं? चांगुलपणाच असेल म्हणा. वयानं लहान होता माझ्याहून, पाचेक वर्षांनी तरी. ते एक वेगळंच.

आई ताट वाढताना म्हणाली, "मराठी होता ना? मग करेल काहीतरी." मी वरण ओतून घेतलं.

तशी ही चूक जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, सुमारे नऊ वर्षं बसून होती. २००६ साली जोशुआ ब्लॉक या प्रोग्रामरनं जाहीर सांगितलं, आणि कोड त्याचाच होता. माझाही अनुभव नऊच वर्षांचा. हिशेब जुळला! फक्त त्याला कुणी नोटीस पीरियड विचारला नसेल. माझे नव्वद दिवस ऐकून एचआरच्या बाई अशा गप्प होतात की वाटतं, फोन कट झाला.

आणि 'होतं असं' मीही म्हणतेच की. गेल्या महिन्यात तिघांना म्हणाले असेन. एकालाही पुढं पाठवलं नाही.

उद्या अकराला आमच्याकडे एकाचा राउंड घ्यायचाय. रेझ्युमे आत्ता उघडला. सांगलीचा आहे. शेवटपर्यंत इंग्रजीतच बोलेन म्हणते.