पोहता येत नव्हतं, तरी समुद्राखाली कशी गेले?

मागच्या फेब्रुवारीत आम्ही अंदमानला गेलो होतो. तिथे स्वराज द्वीपवर, म्हणजे 2018 पर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत त्या बेटावर, मी स्कूबा डायव्हिंग केलं. तेव्हापासून भिशीत, हळदीकुंकवाला, जिन्यात भेटेल तो एकच विचारतो. “अगं, पण तुला पोहता कुठे येतं?” नाहीच येत. वय 54. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आमच्या गावात मे महिना लागला की मुलगे पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत उड्या मारायचे. मुलींनी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचे. विहिरीचं ते काळं पाणी वरून बघत मी मोठी झाले आणि पाणी म्हणजे खाली ओढून नेणारी गोष्ट, हे मनात पक्कं बसलं. गोव्याला कितीदा गेले, पण घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही.

पोहणं म्हणजे पाण्यावर राहणं. स्कूबाच्या पहिल्या, नुसती ओळख करून देणाऱ्या डाइव्हमध्ये तुम्हाला वर राहायचंच नसतं. जॅकेटमध्ये हवा किती भरायची, सोडायची किती, हे सगळं इन्स्ट्रक्टर बघते आणि पूर्ण वेळ तुम्हाला धरून असते. तुमच्याकडे काम एकच, श्वास घेत राहणं. पोहता येणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे माझ्यापेक्षा जड गेलं. पाण्यात तोंड गेलं की दम धरायची त्याला लहानपणापासूनची सवय, आणि इथे पहिला नियम असा की दम कधीही धरायचा नाही. 10 मीटर खाली हवेचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. ती कोंडून ठेवली तर फुप्फुस फाटू शकतं. श्वास चालू असेल तर ती आपोआप बाहेर पडते.

निघण्याआधीची एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मला रक्तदाबाची गोळी आहे. एका डायव्हिंग सेंटरला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, “तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहा, काही होत नाही.” मी तिथे गेले नाही. पुण्यातच माझ्या डॉक्टरांकडून तपासून, सही घेऊन निघाले. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, गरोदरपण यातलं काहीही लपवून पाण्यात उतरू नका. बायका आणखी एक विचारतात, मंगळसूत्राचं काय केलंस? बांगड्यांसकट खोलीवर ठेवलं. चमकणारं काही अंगावर नको म्हणतात.

सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर पोहोचलो. अंदमान खूप पूर्वेला आणि देशाचं घड्याळ एकच, त्यामुळे तिथे तोवर ऊन चांगलं वर आलेलं असतं, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. बेटावरच्या गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर अशी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी ती वसवली. माझी इन्स्ट्रक्टर त्यातल्याच एका घरातली, माझ्या मुलीच्या वयाची. मला ‘आंटीजी’ म्हणायची. तिने आधी वाळूवर बसवून खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं गोल म्हणजे ठीक आहे. पंजा डुगडुगला म्हणजे काहीतरी बिघडलंय. आणि अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’.

मग गळाभर पाण्यात सराव. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र, आणि पाठीवर सिलिंडर. (त्यात ऑक्सिजन नसतो, आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते.) डोकं खाली घातलं, दोन श्वास जमले आणि मास्कमध्ये नाकापर्यंत पाणी आलं. विहीर आठवली. मी अंगठा वर केला. तिने काही विचारलं नाही, समजावलं नाही, क्षणात मला वर आणलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. दुसऱ्यांदाही तिने तितक्याच लगेच वर आणलं. तिसऱ्यांदा मी खाली गेले ते त्या अंगठ्याच्या भरवशावर. तुम्ही धाडस धाडस म्हणता, पण खरं कारण ते आहे. वर यायचं म्हटलं की कोणीतरी खरोखर वर आणतं, याची मला दोनदा खात्री पटली होती.

दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, की कान मोकळे होतात. घाई केली तर कान ठणकतात. आम्ही 8-9 मीटरपर्यंत गेलो. माझ्या मनगटावर कोल्हापूरच्या अंबाबाईचा लाल धागा होता. खाली बघते तर तो मातकट, काळपट. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. शांतता असेल असं वाटलं होतं, पण चहूकडून मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येत होता. तो चिमुकल्या कोळंब्यांच्या नांग्यांचा. त्यात माझा स्वतःचा श्वास, आत घेताना सूं आणि सोडताना बुडबुड्यांची धार. श्वास भरला की मी वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. हे कळलं तेव्हा मी इन्स्ट्रक्टरचा हात आवळून धरणं सोडलं.

पोपटमासा प्रवाळ खरवडत होता, त्याचा कर्र आवाज स्पष्ट ऐकू आला. त्याने खाल्लेलं प्रवाळ पुढे वाळू होऊन बाहेर पडतं. समुद्रफूल म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, त्याच्या बोटांमध्ये केशरी-पांढऱ्या क्लाउनफिशचं कुटुंब होतं. त्यांच्यात मोठी असते ती मादी, तीच घरची कर्ती. ती गेली की तिचा नर पुढे स्वतः मादी होतो. आणि त्यांच्या बाजूलाच सांबरशिंगांसारख्या प्रवाळाचा नुसता ढीग, मोडका, राखाडी. 2010 साली समुद्र तापला तेव्हा अंदमानचं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं. त्या ढिगात मधेच एक नखाएवढं नवं, जांभळट प्रवाळ धरलेलं इन्स्ट्रक्टरने बोट दाखवून मला दाखवलं. बोट लावलं नाही. तुम्ही गेलात तर तुम्हीही लावू नका, आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा पिशवीत घालू नका. कायद्यानेही बंदी आहे.

अर्धा तास होतो, पण मला तो पाच मिनिटांसारखा वाटला. दुसऱ्या दिवशी विमान होतं. डाइव्हनंतर निदान 18 तास उडायचं नसतं, म्हणून त्याच दिवशीचं काढलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला पूर्ण कोर्स करायचाय. त्याला मात्र पोहायला लागतं, 200 मीटर, आणि 10 मिनिटं तरंगणं. जूनपासून महापालिकेच्या तलावावर सकाळी सहाच्या बायकांच्या बॅचला जाते आहे. तरंगणं जमलंय. पोहणं सध्या 75 मीटरवर आहे.