आमची वाटचाल : दुसरा धडा रात्रीचा

सत्तरच्या दशकात वडिलांनी कोल्हापुरात स्टुडिओ थाटला, तेव्हा पासपोर्ट फोटो आणि लग्ने यांवरच घर चालत असे. कृष्णधवल रोल मागच्या अंधाऱ्या खोलीत, म्हणजे डार्करूममध्ये, रसायनात धुतले जात आणि तिथेच एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर, कॉप्या निघत. पुढे रंगीत रोल आले आणि ते मोठ्या लॅबकडे जाऊ लागले. त्यानंतर डिजिटल कॅमेरा आला आणि डार्करूममध्ये लग्नाच्या अल्बमची रिकामी खोकी रचली गेली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा माल वडिलांनी अनेक वर्षे वापरला होता, तोही दुकानांतून दिसेनासा झाला. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावात साधा रोल मिळणे कठीण झाले होते.

डार्करूम पुन्हा उघडली ती कला महाविद्यालयातील मुलांमुळे. आजोबांच्या कपाटातून निघालेले आग्फा क्लिक, याशिका किंवा पेंटॅक्स के १००० घेऊन ही मुले येत आणि रोल कुठे धुऊन मिळेल, असे विचारत. आम्ही खोकी हलवली, धुलाईच्या टाक्या आणि फिल्म गुंडाळायची रीळे बाहेर काढली आणि धुलाईचे काम स्वीकारू लागलो. काही महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली. दिवसा काढलेल्या निगेटिव्ह बहुतेक ठीक निघत. संध्याकाळनंतरच्या मात्र काचेसारख्या कोऱ्या असत. मुलांना एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, समजत नव्हते, आणि दिवसाचा भरपूर उजेड ते अज्ञान झाकून ठेवत होता. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्तीचा प्रकाश निमूटपणे सोसते, पण कमी पडलेला प्रकाश तिला नंतर कोणीही देऊ शकत नाही. या निरीक्षणातूनच आमचा वर्ग सुरू झाला, आणि आज स्टुडिओचा मोठा आधार तोच आहे.

पहिल्या धड्यात प्रकाश मोजणाऱ्या मीटरला हात लावायचा नसतो. स्वच्छ उन्हात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे संवेदनशीलतेच्या आकड्याच्या, आसपास ठेवावा, म्हणजे ४०० च्या रोलला १/५०० सेकंद, एवढा जुना नियम शिकवून मुलांना महाद्वार रोडवर सोडतो. ढग आले की एक किंवा दोन स्टॉप उघडायचे आणि गल्लीच्या सावलीत आणखी एक. अनेक जुन्या कॅमेऱ्यांचे मीटर पाऱ्याच्या बॅटरीवर चालत आणि ती बॅटरी आता मिळत नाही. पर्यायी बॅटरीवर काटा चुकीचे दाखवू शकतो. त्यामुळे डोळ्याने उजेड जोखण्याची सवय ही हौस नसून गरज आहे.

रात्रीचे छायाचित्रण शेवटी शिकवण्याची पद्धत आहे. आम्ही ते दुसऱ्याच धड्यात घेतो आणि त्याबद्दल काही जुन्या व्यावसायिक मित्रांची नाराजीही ऐकतो. आमचे म्हणणे असे की, रात्री विद्यार्थ्याला आधी ठरवावे लागते की चित्रात काय दिसायला हवे आणि काय काळे राहिले तरी चालेल. मीटरला हे कळत नाही. समोर काळोख जास्त असला की तो काळोखालाच राखाडी करायला निघतो आणि दिव्यांच्या जागी नुसते पांढरे डाग उरतात. म्हणून प्रकाश पडलेल्या भागाजवळ जाऊन तिथले वाचन घ्यायचे, मग जागेवर परतायचे. दुकानांच्या झगमगत्या रस्त्यावर ४०० च्या रोलला ॲपर्चर २.८ आणि १/६० सेकंदापासून सुरुवात करता येते. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लावणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी त्याच ॲपर्चरला १/८ सेकंद लागतो. तिथे हात टेकायला पायरी हवी, किंवा ट्रायपॉड.

सेकंदांच्या पुढचे एक्स्पोजर हा वेगळाच विषय आहे. शटर ‘बी’वर (दाबून धरले असेपर्यंत उघडे) ठेवून केबल रिलीज, म्हणजे कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार, दाबून धरायची, एवढे सगळ्यांना ठाऊक असते, पण मंद उजेडात वेळ वाढत जाते तशी फिल्मची संवेदनशीलता घटते, हे बहुतेकांना माहीत नसते. आम्ही प्रामुख्याने इलफोर्ड एचपी५ प्लस ही ४०० ची कृष्णधवल फिल्म वापरतो. तिच्यासाठी मीटरने १० सेकंद सांगितले तर सुमारे २० द्यावे लागतात आणि ३० सांगितले तर जवळजवळ दीड मिनिट. हे आकडे आम्ही पुठ्ठ्यावर लिहून प्रत्येकाच्या पिशवीत ठेवले आहेत, कारण अंधारात हे गणित कोणी करीत नाही.

४०० ची फिल्म १६०० ची समजून वापरायची आणि जास्त वेळ धुवायची, हा उपाय मुलांना फार आवडतो. तो आम्हीही शिकवतो, पण त्याची मर्यादा सांगून: वाढीव धुलाईने निगेटिव्हवर उजळ भाग दाट होतात आणि चित्राचा दाणा, म्हणजे खडबडीतपणा, वाढतो, सावलीत जे नोंदलेच गेले नाही ते त्यामुळे उमटत नाही.

धुलाईत आमची खरी कसोटी पाण्याची असते. आयडी-११ या धुलाईच्या रसायनात एचपी५ फिल्म २० अंशांना साडेसात मिनिटे धुवायची असते, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी तिशीच्या वर असते. वेळ कमी करता येतो, पण पाच मिनिटांखाली गेले की धुलाई असमान होऊ लागते. त्यामुळे बर्फाच्या घमेल्यात बाटल्या उभ्या करून तापमान खाली आणावे लागते. पावसाळ्यात उलट त्रास. रीळ जरा दमट राहिले की काळ्या पिशवीत त्यावर चढवताना फिल्म मध्येच अडकते, म्हणून रीळे आधी केस वाळवण्याच्या यंत्राने सुकवतो. शेवटचे पाणी डिस्टिल्डच वापरतो, कारण बोअरचे पाणी निगेटिव्हवर क्षारांचे डाग ठेवते.

रंगीत रोल आम्ही साठवून एकत्र धुतो, कारण एकदा कालवलेले रसायन फार दिवस टिकत नाही. त्यासाठी पाणी ३८ अंशांच्या जवळ लागते, म्हणजे ज्या उन्हाळ्याने कृष्णधवल कामात जेरीस आणले तोच इथे सोयीचा ठरतो. सिनेमाच्या फिल्मचे कापलेले रोल घेऊन येणारेही हल्ली वाढले आहेत. त्या फिल्मच्या पाठीवर अनेकदा काजळीचा थर असतो आणि तो इतर रोलचे रसायन खराब करतो, त्यामुळे असे रोल आधी विचारल्याशिवाय आम्ही घेत नाही. काहींना हा आमचा ताठा वाटतो.

वर्गाची फी आम्ही मुद्दाम बेताची ठेवली आहे, पण रोलची किंमत आमच्या हातात नाही. त्यावर तोडगा म्हणून १०० फूट सलग फिल्मचा डबा आणतो, ज्यातून ३६ फोटोंचे साधारण १८ रोल निघतात, आणि ते भरण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच असते. हिशेब माझी पत्नी पाहते. वडील आता वर्गात शिकवत नाहीत. मात्र धुतलेली पट्टी टांगली की चष्मा कपाळावर सरकवून ती उजेडासमोर धरतात आणि कोणत्या फोटोला किती स्टॉप कमी पडले ते आमच्याआधी सांगतात.