घोट्याचा एमआरआय, आणि मग सोनोग्राफी

हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरताना पाय आत वळला आणि घोटा टम्म सुजला. पुण्यात आल्यावर ऑर्थोच्या डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड दाबून पाहिली आणि चार पावलं चालायला सांगितलं. हे 'ऑटावा रूल्स', १९९२ पासूनचे. हाड दाबून दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत तरच एक्स-रे. मला दोन पावलांतच घाम फुटला, म्हणून एक्स-रे काढला. फ्रॅक्चर नव्हतं. "पण लिगामेंट यात दिसत नाही," हे त्यांनी लगेच सांगितलं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी चिवट पट्टी. ताज्या सुजेत घोटा सैल झालाय का हेही नीट कळत नाही, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा बोलावून टाच पुढे ओढून पाहिली.

सूज उतरली, पण जिना उतरताना घोटा दगा द्यायचा तो देतच राहिला. मग एमआरआय लिहून दिला.

पूर्ण शरीर आत जाईल या भीतीने मी आदल्या रात्री धड झोपलो नव्हतो. प्रत्यक्षात पायाकडून आत सरकवतात, डोकं बाहेरच राहतं. पावलाला बुटासारखी कॉइल घातली, फटींत स्पंज कोंबले आणि "अंगठासुद्धा हलवू नका" अशी ताकीद मिळाली. मशीनची ठकठक सुरू झाली, की नेमकी त्याच अंगठ्याला खाज सुटते!

रिपोर्टमध्ये 'एटीएफएल, हाय ग्रेड पार्शिअल टेअर' वाचून पोटात गोळा आला. एटीएफएल म्हणजे फिब्युला (पायाचं बाहेरच्या बाजूचं हाड) आणि टॅलस (घोट्यातलं, नडगीखालचं हाड) यांना जोडणारं लिगामेंट; ते बरंच फाटलं होतं, पण पूर्ण नाही. बाहेरच्या बाजूच्या तीन लिगामेंटपैकी हे सगळ्यांत कमजोर. पाय आत मुरगळला की बहुधा पहिलं तेच जातं. डॉक्टरांनी मात्र आधी टॅलसच्या माथ्यावरची कूर्चा पाहिली, मग पेरोनियल टेंडन (घोट्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारे स्नायूंचे दोर), मग वरचा सिंडेस्मोसिस (नडगी आणि फिब्युला यांना घोट्याच्या वर बांधणारा जोड). एमआरआय मुख्यतः यासाठीच काढायला लावला होता, असं त्यांचं म्हणणं. ते सगळं शाबूत होतं. शेवटी आडव्या स्लाईसवर एटीएफएल दाखवलं. धड लिगामेंट काळ्या पट्टीसारखं दिसतं. माझी पट्टी जाड, करडी आणि मधेच तुटक होती, भोवती पाण्याचा पांढरा डाग.

पण फाटलंय म्हणजे घोटा सैल आहेच, असं नाही. एमआरआयमध्ये पाय निपचित पडलेला असतो. म्हणून सोनोग्राफी. मला तर हीच तपासणी जास्त पटली. रेडिओलॉजिस्टबाईंनी फिब्युलाच्या टोकापासून टॅलसपर्यंत प्रोब तिरका धरला, मदतनिसाने टाच पुढे ओढली, आणि स्क्रीनवर धागे ताणले जाऊन मधली फट रुंदावताना मला स्वतःला दिसली. मग चांगला, डावा घोटा तसाच ओढून तुलना केली. फरक होता, पण थोडा. एमआरआयच्या मानाने हा खर्च किरकोळ. मात्र सगळी भिस्त तपासणाऱ्याच्या हातावर, आणि सांध्याच्या आतली कूर्चा यात नीट दिसत नाही.

ब्रोस्ट्रॉम नावाचं ऑपरेशन आहे, त्यात हेच लिगामेंट पुन्हा ताणून शिवतात. सध्या त्याची गरज नाही, आधी फिजिओथेरपी, असं ठरलंय. वॉबल बोर्डवर, म्हणजे डगमगत्या फळीवर, एका पायावर उभं राहायचं, रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर ढकलायचं. तरीही घोटा दगा देत राहिला, तर ऑपरेशनचं बोलू म्हणालेत.