आत्याला कोरिया दाखवला, राजवाडे सोडून

माझी आत्या सांगलीची, वय ६३, बँकेतून रिटायर, गुडघे बरे, बीपीची गोळी रोज सकाळी. ऑक्टोबरात दहा दिवस आमच्याकडे सुवॉनला राहून गेली. मी इथे सहा वर्षं राहतेय नवऱ्याच्या नोकरीमुळे, सोलच्या दक्षिणेला, मेट्रोने तासाभराचं अंतर. पहिल्या दिवशी रीतसर ग्योंगबोकगुंग राजवाडा दाखवला, दोन तास चालली बिचारी, भाड्याचे हानबोक म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख घालून मिरवणाऱ्या पोरींचे फोटो काढले आणि बाहेर बाकावर बसून बूट काढत म्हणाली, "राजा कसा राहायचा ते बघितलं. आता ही बाकीची माणसं सुट्टीला काय करतात ते दाखव."

मला तेच हवं होतं. कारण मला या देशातलं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर इथल्या लोकांचा साधा, रोजचा, स्वस्तातला विरंगुळा. आठवडाभर ऑफिसात पिळून निघतात पण रविवारी घरात लोळत पडलेला कोरियन मी फार कमी बघितलाय. घरं लहान, पाहुण्यांना घरी बोलवायची पद्धतही कमी, मग त्यांनी घराबाहेरच खोल्या काढल्यात. बांग म्हणजे खोली. गाण्याची खोली नोरेबांग, कॉम्प्युटर गेमची पीसीबांग, कॉमिक्स वाचायची मान्ह्वाबांग, आणि घाम काढायची चिमजिलबांग. जायचं, पैसे भरायचे, तास दोन तास ती खोली आपली.

चिमजिलबांगपासूनच सुरुवात करते कारण तिथेच सगळे विचारतात की कपडे काढावे लागतात का. हो, लागतात. सगळे. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, आत आंघोळीच्या भागात कोणीच काही घालत नाही, स्विमिंग कॉस्च्युम घालून गेलात तर उलट सगळे तुमच्याकडेच बघतील. चार वर्षांच्या पुढचा मुलगा बायकांकडे चालत नाही, त्याला बाबाबरोबर पाठवा. मी आत्याला हे सगळं आदल्या रात्री सांगितलं, ती म्हणाली मी टॉवेल सोडणार नाही, मी म्हटलं बरं. आता इथला टॉवेल म्हणजे आपल्या नॅपकिनपेक्षा जरा मोठा, तो वर धरला तर खाली उघडं आणि खाली धरला तर वर. लॉकरपाशी तिने दोनचार वेळा प्रयत्न केला, आजूबाजूला सत्तरीच्या आज्या निवांत केस वाळवत गप्पा मारत बसलेल्या, एकीनेही मान वर करून बघितलं नाही. मग हिनेच टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "चल, इथे कोण ओळखतंय आपल्याला."

क्रम लक्षात ठेवा: दारात बूट छोट्या लॉकरमध्ये, काउंटरवर पैसे, मनगटात अडकवायची किल्ली मिळते, तिने कपड्यांचं लॉकर उघडायचं. मग आधी शॉवरखाली साबण लावून नीट आंघोळ, केस वर बांधायचे आणि मगच हौदात उतरायचं, हे चुकलं तर मात्र कोणीतरी आजी येऊन ओरडणार हे नक्की. हौदांवर तापमान लिहिलेलं असतं, आम्ही ३८ च्या हौदात सुरुवात करून ४१ ला गेलो. फोन आत न्यायचा नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगते.

अर्धा तास भिजल्यावर अंग घासून घ्यायचं. हे पैसे वेगळे, साधारण पंचवीस तीस हजार वॉन. हजार वॉन म्हणजे आपले साठेक रुपये, तेव्हा महागच आहे, पण एकदा कराच. प्लॅस्टिकच्या पलंगावर आडवं व्हायचं, काळ्या अंतर्वस्त्रातली एक मजबूत बाई हातात हिरवे खरखरीत मोजे चढवून येते आणि तुम्हाला मासळी उलटावी तसं या कुशीवरून त्या कुशीवर करते. त्या मोज्याला इथे इताली टॉवेल म्हणतात, शोध बुसानचा, १९६० च्या दशकातला, कापड इटलीहून यायचं म्हणून नाव पडलं. आत्याच्या दंडावरून मळाच्या करड्या वळ्या निघायला लागल्या तशी ती उठूनच बसली. "अगं मी काय आंघोळ करत नाही का? हे एवढं कुठून आलं?" त्या बाईला भाषा कळली नाही पण सूर कळला असणार, ती हसली, आत्याच्या खांद्यावर थाप मारून परत आडवं केलं आणि वर गरम पाण्याची बादली ओतली. आत्या नंतर म्हणाली, लहानपणी दिवाळीला आजी उटणं लावून असंच चोळायची, रडवायची, साठ वर्षांनी परत कोणीतरी तसं धरलं मला.

मग तिथेच मिळालेला टीशर्ट आणि हाफ पँट घालून मधल्या मोठ्या हॉलमध्ये, तिथे बायका-पुरुष-पोरं सगळी एकत्र. जमीन खालून गरम, लोक चटई टाकून चक्क झोपलेले, कोणी टीव्ही बघतंय, कोणी पोराचा अभ्यास घेतंय. बाजूला मिठाची खोली, मातीची खोली, बर्फाची खोली. टॉवेलची घडी घालून दोन्ही बाजूंना गुंडाळी केली की मेंढीच्या शिंगांसारखी टोपी होते, ती मी आत्याला घालून दिली. भट्टीत भाजलेली तपकिरी अंडी आणि बर्फ घातलेलं शिक्हे हे इथलं ठरलेलं खाणं. शिक्हे म्हणजे तांदूळ आणि जवाच्या मोडाचं गोड पेय, तळाला भाताची शितं.

इथे आमचं चुकलं. गप्पांच्या नादात आत्या मातीच्या गरम खोलीत पंचवीस मिनिटं बसली आणि उठताना चक्कर आली. पाच मिनिटांत ठीक झाली, पण माझे हातपाय गार पडले होते. तेव्हा बीपी असलेल्यांनी एका वेळी आठ-दहा मिनिटं, मध्ये पाणी, आणि उठताना भिंत धरून. सकाळची गोळी घेतली म्हणून सगळं चालतं असं नसतं. डॉक्टरना निघायच्या आधी विचारून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, ते राहिलं.

दुसरा आवडता प्रकार डोंगर. सोलमध्ये येणारा प्रत्येक जण बुखानसानचं बेगुंदे शिखर विचारतो, ८३६ मीटर, शेवटी नुसता कातळ आणि लोखंडी दोर. कळसूबाईच्या शिड्या चढलेल्यांना जड जाणार नाही, आणि पायथ्याला उई स्टेशनजवळ पालिकेचं गिर्यारोहण केंद्र आहे तिथे परदेशी पाहुण्यांना बूट वगैरे भाड्याने मिळतात. पण ६३ व्या वर्षी तिथे नेण्यात अर्थ नव्हता. आम्ही गेलो सुवॉनच्या ग्वांग्योसानला. चढाई जिथून सुरू होते त्या जागेचं नाव काजवा स्वच्छतागृह. खरंच, लोक एकमेकांना "उद्या आठला काजवा संडासपाशी भेटू" असं सांगतात. सुवॉनला सार्वजनिक स्वच्छतागृहांचा भलता अभिमान आहे, एका माजी महापौरांनी तर कमोडच्या आकाराचं घर बांधलं, आता तिथे म्युझियम आहे. आत्याने संडास आतून बघितला आणि म्हणाली आमच्या बँकेच्या हेड ऑफिसपेक्षा चांगला आहे.

डोंगर ५८२ मीटरचा, रस्ता बहुतेक सावलीतला. आम्ही ह्योंगजेबोंगपर्यंत गेलो, ते ४४८ मीटर, शेवटी थोडा खडक आणि धरायला दोर, मग पुढे तोक्किजे म्हणजे सशाच्या खिंडीतून खाली. बरोबरचे कोरियन काका-काकू एव्हरेस्टला निघाल्यासारखे नटलेले, दोन दोन काठ्या, हातमोजे, टोपी, गळ्यात रुमाल. एका आजोबांच्या कमरेला छोटा रेडिओ, त्यावर जुनी ठेक्याची गाणी, अख्ख्या डोंगराला ऐकू जातील अशी. आत्या पंजाबी ड्रेस आणि नातवाचे स्पोर्ट्स शूज.

वर बसलो होतो तर शेजारच्या चटईवरच्या बाईने काही न विचारता सोललेली अर्धी काकडी आत्याच्या हातात ठेवली. इथे डोंगरावर पाण्याच्या बाटलीसारखी काकडी नेतात. आत्याने लगेच पिशवीतून भडंग काढलं. जयसिंगपूरचं, लसूणवालं, दोन किलो आणलं होतं तिने. त्या चटईवरच्या चौघींनी खाल्लं, एकीला ठसका लागला, सगळ्या हसल्या आणि परत ओंजळ पुढे केली. "कोण या तुझ्या?" असं विचारलं मला, मी म्हटलं "उरी गोमो". आमची आत्या. इंग्रजीत हे सांगताच येत नाही, तिकडे मावशी आत्या काकू सगळ्याची एकच भाजी, पण कोरियनमध्ये मावशी इमो आणि आत्या गोमो, चोख वेगळे शब्द. हॉटेलात वाढणाऱ्या बाईंनाही इमो अशी हाक मारतात, म्हणजे आपल्या मेसमधल्या मावशीच. हे आत्याला सांगितल्यापासून तिने प्रत्येक हॉटेलात "इमोऽऽ" करून पाणी मागायला सुरुवात केली आणि प्रत्येक ठिकाणी जास्तीची किमची मिळवली.

दारूबद्दल एक सांगते, मागॉल्ली हे तांदळाचं पांढरट आंबूस पेय डोंगराशी जोडलेलं आहे, पण २०१८ पासून नॅशनल पार्कमध्ये शिखरांवर वगैरे प्यायला बंदी आहे, बुखानसानला वर बाटली काढू नका, खाली उतरून प्या. उतरल्यावर पायथ्याला हवेचा पाइप असतो, त्याने बुटांवरची धूळ उडवायची, पोरांना हे फार आवडतं. ग्वांग्योसानहून उतरलात की सांग-ग्वांग्योच्या बस थांब्याजवळ बोरीबापची हॉटेलं आहेत, जवाचा भात, वर पाच सहा पालेभाज्या आणि लाल तिखट, आपल्या माणसाला हमखास चालतं. शाकाहारी असाल तर "कोगी प्पेजुसेयो", मांस घालू नका, हे पाठ करून या, तरी माशाचा रस्सा कुठे ना कुठे असतोच, तेवढी मनाची तयारी. तिथून १३ नंबरची बस शहरात आणते.

हान नदीवर गेलो तो नेमका गुरुवार. नदीकाठच्या बागांमध्ये संध्याकाळी अख्खं सोल चटया टाकून बसलेलं असतं, चिकन आणि बिअर मागवतात, डिलिव्हरीवाला थेट बागेत येतो. दुकानातून रामयोनचं, म्हणजे इथल्या नूडल्सचं, पाकीट आणि फॉइलचा वाडगा घ्यायचा, मशीनवर ठेवायचा, मशीनच पाणी ओतून उकळून देतं. आत्याचा गुरुवार, चिकन बाद, रामयोनच्या मसाल्यात बहुतेक वेळा बीफ, तेही बाद. मी हिरमुसले, तर तीच दुकानात जाऊन भाजलेलं रताळं घेऊन आली, थंडीच्या दिवसांत काउंटरजवळ गरम ठेवलेलं असतं. "उपासाचं मिळतंय की गं इथे!" रताळं आणि केळ्याच्या स्वादाचं दूध घेऊन आम्ही बानपो पुलाचं कारंजं बघितलं, पुलाच्या दोन्ही अंगांनी मिळून १,१४० मीटर, रंगीत दिव्यांत नाचणारं पाणी. एप्रिल ते ऑक्टोबरच असतं, पावसात बंद. एक्स्प्रेस बस टर्मिनल स्टेशनवर उतरून चालत जा, स्वेटर न्या, नदीवर वारा बोचतो. चटई भाड्याने मिळते पण दुकानातून स्वस्तातली विकत घेतलेली परवडते. मोबाईल चटईवर ठेवून लोक बिनधास्त संडासला जातात, आत्याला हे शेवटपर्यंत झेपलं नाही, ती पर्स पोटाशी धरूनच बसली.

नोरेबांगला एक संध्याकाळ, नाण्यांवर चालणाऱ्या छोट्या खोल्या असतात, हजार वॉनमध्ये दोन तीन गाणी. मराठी गाणी अर्थात नाहीत. आत्याने कुठलंतरी जुनं कोरियन गाणं लावायला सांगितलं आणि त्याच्या ठेक्यावर जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, मशीनने ९६ मार्क दिले. मला इंग्रजी गाण्याला ७१.

बाकी सुवॉनच्या किल्ल्याची तटबंदी, ५.७ किलोमीटर, १७९६ ची, संध्याकाळी गावातले लोक जेवून तिच्यावर फिरायला येतात, तुम्हीही तेव्हाच जा. गूगल मॅपवर चालायचा रस्ता धड मिळत नाही, नेव्हर मॅप टाकून घ्या. टीमनी हे मेट्रो-बसचं कार्ड आल्या आल्या दुकानातून घ्या, त्यात पैसे भरायला रोख जवळ ठेवा. रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही, पिशवी जवळ ठेवा. चुसॉक या मोठ्या सणाच्या सुट्ट्यांत येऊ नका, गाड्या फुल आणि बरीच दुकानं बंद.

जाताना आत्याने भडंग रिकामं झालेल्या डब्यात बारा इताली टॉवेल भरले, भिशीच्या बायकांसाठी. दिवाळीला पहाटे सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. मागे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, पाटावर बसलेले, उटणं लावलेलं, दंड लालबुंद, आत्या हातात हिरवा मोजा घालून त्यांच्या पाठीशी उभी. "वळ्या निघतायत बघ," म्हणाली, "आणि ऐक, अजून डझनभर पाठव, वरच्या मजल्यावरच्यांना पण पाहिजेत."