उजव्या तर्जनीचा छुपा जोर अखेर सापडला

मागच्या नोंदीत गोल्फमधल्या माझ्या स्लाइसचा (चेंडू उजवीकडे वळत जाण्याचा) सगळा दोष मी खांद्यांच्या अपुऱ्या वळण्याला दिला होता. ते निदान आज मागे घेतो. ग्लोव्ह काढून, डोळे मिटून सेव्हन आयर्न या मध्यम पल्ल्याच्या क्लबने (गोल्फच्या काठीने) अर्धे स्विंग करताना मी प्रत्येक टप्प्यावर पकडीच्या जोराला एक ते दहा असे गुण मोठ्याने देत होतो. स्टान्स (फटक्याआधी उभे राहण्याची स्थिती) घेताना चार असलेला हा आकडा बॅकस्विंगच्या (क्लब मागे नेण्याच्या) टोकाला एकदम आठवर गेला, आणि तोही फक्त उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. ही चिमटी आवळली की उजवा अग्रबाहू ताठरतो, मनगट मोकळे फिरत नाही आणि क्लबफेस (चेंडूला लागणारी क्लबची बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो. डाउनस्विंग (क्लब खाली चेंडूकडे येण्याचा टप्पा) जेमतेम पाव सेकंदाचा असल्यामुळे ही चूक तिथे सुधारायला वेळच उरत नाही.

मग ती दोन्ही बोटे ग्रिपवरून (क्लबच्या मुठीवरून) पूर्ण उचलून वीस चेंडू मारले. चौदाव्या चेंडूला हाताला झिणझिण्या आल्या नाहीत. डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत फक्त एक भरीव ठोका जाणवला आणि फेसवर फवारलेल्या पावडरीत नेमका मध्यभागी गोल ठसा उमटला. तो ठसा पुसायला मन होत नव्हते.

ड्रायव्हर (सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब) हाती घेताच मात्र चेंडू पुन्हा उजवीकडे वळू लागले. डावे मनगट बॅकस्विंगच्या टोकाला चांगले आत (तळव्याकडे) वाकले आहे असे मला ठामपणे वाटत होते, पण मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये ते बाहेरच वाकलेले दिसले. म्हणजे ते नुसते सपाट व्हायलाही मला अतिशयोक्ती वाटेल इतके आत वाकवावे लागणार. चित्रण करताना कॅमेरा हातांच्या रेषेत आणि उंचीवर ठेवावा, अन्यथा स्विंगचा मार्ग चुकीचा दिसतो. बोटांसाठी खाचा असलेल्या सरावाच्या ग्रिपवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे हाताला स्वतः काही शोधावेच लागत नाही.

पुढचा आठवडा ड्रायव्हरच्या संथ स्विंगसाठी राखला होता. परंतु हे लिहिता लिहिता दोन्ही क्लब हातात धरून पाहिले, तर ड्रायव्हरची ग्रिप स्पष्टपणे बारीक आहे आणि बोटे तिच्यावर आपोआप आवळली जातात. तेव्हा आधी ती ग्रिप काढून खाली टेपचा एक जादा वेढा देतो आणि चिमटीला किती गुण मिळतात ते पुन्हा मोजतो.