लेंटमधला रोजचा एक फोटो

उपवासकाळ, म्हणजे लेंट, ईस्टरआधीचे 40 दिवस, तोंडावर आला की आमच्या घरात एकच विषय: यंदा कोण काय सोडणार? मटण, चहा, मालिका, ज्याचं त्यानं ठरवायचं. 2025 मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, 5 मार्चला होता. त्या वर्षी मी रोज एक फोटो काढायचं ठरवलं.

पद्धत माझी नाही, बरेच ख्रिस्ती लोक ती पाळतात. त्या दिवशीच्या बायबलवाचनातला एक शब्द घ्यायचा आणि तो आपल्या आसपास कुठे दिसतो ते बघायचं. मी त्यात थोडा कडकपणा घातला. फोटो एकच, जमला नाही तरी दुसरा नाही, स्टेटसला लावायचा नाही, आणि काढण्याआधी तिथंच उभं राहून छोटी प्रार्थना. रविवारी सुट्टी. रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा म्हणून तो 40 दिवसांत धरत नाहीत. नाहीतर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 भरतात.

सुरुवातीला आमच्या सोलापुरातला सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्याची तटबंदी असलं काढलं. छान होते, कॅलेंडरवर शोभले असते. प्रार्थना मात्र उरकल्यासारखी व्हायची.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी श्रीमंत माणूस आणि गरीब लाजर यांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, होती. लाजर त्याच्या दारातच पडून असतो आणि श्रीमंताला तो दिसत नाही. मेल्यावर तोच श्रीमंत पाण्याच्या थेंबासाठी विनवतो. मी शब्द घेतला 'पाणी'. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा घागरी शोधायला लांब जायची गरज नव्हती. पण वाचून झाल्यावर डोक्यात 'दार'च बसलं. आमच्या दारासमोर मावशी विड्या वळत बसतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी भिजवलेली पानं. फर्मा, म्हणजे मापाचा साचा, ठेवून कातरीनं पान कापायचं, भरायचं, वळायचं, दोरा बांधायचा. जाता-येता बोलायचो, पण त्यांचे हात कधी नीट बघितलेच नव्हते.

"काय काढलालीस गं रोज?" त्यांनीच विचारलं. मी सांगितलं. "तोंड नको बाई, हात काढ," म्हणाल्या. मग हात धुवून आल्या! तंबाखूचा रंग काही गेला नाही. त्या दिवशी प्रार्थना लांबली, कारण मावशी बोलत राहिल्या: मजुरी, गुडघे, नातीची फी.

त्यानंतर माझं फिरणं कमी झालं. रमजानही त्याच दिवसांत होता. 'उपवास' या शब्दासाठी संध्याकाळी विजापूर वेशीत गेले, पण दिवसभर उपाशी असलेल्या माणसांवर मोबाईल रोखावासा वाटेना. खजूर घेतले आणि त्या पाकिटाचाच फोटो काढला. एप्रिलच्या उन्हात 'अरण्य' (बायबलमध्ये ओसाड, रखरखीत जागा) तर गच्चीवरच मिळालं.

गुड फ्रायडेला फोन मुद्दाम घरी ठेवला. क्रूसाच्या वाटेची 14 स्थानं, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटेवरचे प्रार्थनेचे टप्पे, हातात काही न धरता चालायची होती. त्या दिवसाची जागा रिकामीच राहिली आणि ते मला योग्य वाटतं.

ईस्टरनंतर काही फोटोंच्या प्रिंट काढल्या. मावशींची त्यांना नेऊन दिली. चष्मा लावून त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "कातरीला धार लावायला झाली की गं."