मंगल कार्यालयाची परवानगी: वाहनगणती, गेट आणि गटारावरचा पदपथ

सिंधुदुर्गातल्या एका नगरपंचायतीच्या हद्दीत, वस्ती विरळ होते तिथे, रस्त्यालगत मंगल कार्यालय आणि मागे दहा खोल्या असा प्रस्ताव मी दाखल केला. सातबारा, मोजणीची क प्रत, झोन दाखला, आर्किटेक्टचे नकाशे, सगळं ऑनलाइन चढवलं. त्रुटीपत्रात दोन ओळी आल्या: वाहतूक अभ्यास जोडा आणि रस्त्यालगतचा पदपथ नकाशावर दाखवा. पहिल्या ओळीची धास्ती जास्त वाटली, पण वेळ खाल्ला दुसरीने.

20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि वाहतुकीचा जाडजूड अहवाल असतो तो तिथे. आमच्यासारख्या प्रस्तावात अभियंत्याला तीनच गोष्टी हव्या असतात. आज रस्त्यावर गाड्या किती, तुमच्यामुळे वाढणार किती, आणि गेटमधून निघणारी गाडी येणाऱ्याला दिसते का.

गणती कधी करायची यावर अर्धा निकाल लागतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) पद्धतीत ती सलग सात दिवस, चोवीस तास असते. जुलैत केलीत तर रस्ता ओस. गणपतीत केलीत तर सगळी मुंबई गावात, त्या आकड्यावर कुठलाच रस्ता पास होणार नाही. आम्ही मे महिन्यातला मुहूर्त असलेला आठवडा धरला. लग्नाच्या हॉलची गर्दी ऑफिसच्या वेळेला होत नाही, ती जेवणं उरकल्यावर पाहुणे एकदम निघतात तेव्हा होते. म्हणून वाढीचा अंदाज पुस्तकातून न काढता, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या हॉलच्या गेटवर लग्नाच्या दिवशी माणूस बसवला. दर पंधरा मिनिटांनी आत किती, बाहेर किती, आणि रस्त्याकडेला किती गाड्या उभ्या, एवढंच लिहायचं. तिसरा रकाना विसरू नका, अभियंत्याचं पहिलं बोट तिथेच जातं.

आमचा पहिला अहवाल परत आला तो गुणकांमुळे. सगळ्या गाड्या कारच्या मापात आणाव्या लागतात, आणि त्याचे तक्ते दोन आहेत: गावाबाहेरच्या रस्त्यांना आयआरसी 64, शहरी रस्त्यांना आयआरसी 106. समजा तासाला 180 कार, 240 दुचाकी, 60 रिक्षा आणि 15 एसटी-ट्रक गेले. 64 प्रमाणे दुचाकी अर्धी, रिक्षा एक, एसटी तीन, बेरीज 405. 106 मध्ये दुचाकी-रिक्षांचं प्रमाण इतकं असलं की दुचाकी पाऊण, रिक्षा दोन आणि एसटी 2.2 धरतात, बेरीज 513. रस्ता तोच, गाड्या त्याच. सल्लागाराने गाड्या शहरी तक्त्याने मोजल्या आणि क्षमता मात्र 64 मधली लावली, तीही सपाट प्रदेशाची, दिवसाला 15,000. कोकणात सपाट कुठलं? चढउताराच्या प्रदेशात दोन पदरी रस्त्याला तोच आकडा 11,000 आहे. एकच तक्ता धरून गणित पुन्हा केलं तेव्हा तो शेरा निघाला.

60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं, या नगररचना कायद्याच्या कलम 45 मधल्या तरतुदीवर विसंबू नका. त्रुटीपत्राला उत्तर दिलंत की साठ दिवस नव्याने सुरू होतात. त्यामुळे अर्धवट उत्तर चार हप्त्यांत देण्यापेक्षा पुरं उत्तर एकदाच द्यावं.

गेटचं काम सोपं होतं. ताशी 50 किलोमीटरला थांबण्यासाठी लागणारं दृष्टिअंतर 60 मीटर. वळणाकडे ते मिळेना, कारण शेजारच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) करवंदीची जाळी माजलेली. दुसऱ्याचा गडगा पाडायला लावण्यापेक्षा गेट दुसऱ्या टोकाला नेलं आणि रस्त्याच्या हद्दीपासून 12 मीटर आत घेतलं. दोन गाड्या थांबल्या तरी शेपूट रस्त्यावर येत नाही.

पदपथ. आयआरसी 103 प्रमाणे वस्तीत मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर, बाजाराच्या भागात 2.5, डोक्यावर 2.2 मीटर मोकळं, आणि कडेचा दगड 150 मिलिमीटरच्या वर नको. मोकळी म्हणजे विजेचा खांब सोडून. आमचा खांब बरोबर मधोमध होता, तो हलवायचा अर्ज वेगळा करावा लागला. पण इथे खरी भांडणं पाण्याची. पदपथ गटारावरच बसतो, त्यामुळे आधी गटार ठरवा. वरच्या फरशा मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद, 100 मिलिमीटर जाड ठेवल्या. एकीचं वजन साधारण 125 किलो, चार गड्यांना पहारीने उचलते. याहून मोठ्या केल्या की साफसफाईला कोणी हात लावत नाही, आणि आंबा-फणसाचा पाला नि तांबडी माती पहिल्याच पावसात गटार बुजवतात. गेटखाली पाइप टाकायचा मोह टाळा, तुंबतो तो तिथेच. गटाराचा आकार आहे तसाच पुढे नेऊन वर 200 मिलिमीटरचा सळईचा स्लॅब घातला, कारण जेवणाचा भरलेला टेम्पो त्यावरूनच जाणार.

गेटसमोर बहुतेक जण पदपथ खाली उतरवतात, मग त्या खळग्यात डबकं. आम्ही पदपथाची पातळी तशीच ठेवली आणि चढायचं काम गाडीला दिलं, उतार साइडपट्टीत. पदपथाच्या टोकांना व्हीलचेअरसाठी 1:12 चा उतार लागतो. 150 मिलिमीटर उंचीला तो 1.8 मीटर होतो, म्हणजे आडवा काढलात तर पदपथाची सगळी रुंदी त्यातच संपते. लांबीच्या दिशेने काढा. पृष्ठभागाला गुळगुळीत पेव्हर नकोत, सावलीत शेवाळ धरतं. ओल्या काँक्रीटवर झाडूने आडव्या रेघा ओढल्या की पाय धरतो.

आडवा ढाळ 1:50, म्हणजे 1.8 मीटरला 36 मिलिमीटर. भोगवटा प्रमाणपत्राच्या पाहणीआधी पाण्याचा एक टँकर वरच्या टोकाला सोडला. दोन ठिकाणी पाणी थांबलं, तिथल्या फरशा काढून पुन्हा बसवल्या.